छोट्या कुत्र्याच्या अंगावरच्या आणि घरातल्या पिसवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिसवांबद्दल सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच असतो: "औषध घातलं, तरी पिसवा जात का नाहीत?" त्याचं उत्तर प्रश्न ३ आणि १० मध्ये आहे. घाईत असाल तर आधी तेवढं वाचा. बाकीचे प्रश्न साधारण सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. औषधांची दुकानातली नावं दिलेली नाहीत, घटकांची दिली आहेत. घटक वेष्टनावर बारीक अक्षरांत का होईना, लिहिलेला असतो.

१. कुत्रा सारखा खाजवतोय. पिसवाच आहेत हे ओळखायचं कसं?

आधी खाजवण्याची जागा बघा. पिसवांची खाज बहुधा कंबरेच्या मागच्या भागात, शेपटीच्या बुडाशी आणि मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला असते. कुत्रा मान वळवून शेपटीचं मूळ पुढच्या दातांनी कुरतडत बसतो. नुसते कान किंवा पंजेच खाजवत असेल, तर दुसरं कारण असण्याची शक्यता जास्त.

मग एक पांढरा कागद ओला करून कुत्र्याखाली ठेवा आणि शेपटीच्या बुडाजवळचे केस अगदी बारीक दातांच्या फणीने विंचरा. कागदावर बारीक काळे कण पडतील. ती माती असेल तर तशीच राहील. पण मिनिटाभरात कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच पचलेलं रक्त. असा डाग दिसला की जिवंत पिसू सापडली नाही तरी उपाय सुरू करा.

फणीत पिसू सापडली तर नखावर चिरडत बसू नका, ती निसटतेच. शेजारी साबणाच्या पाण्याचं भांडं ठेवा आणि फणी त्यात बुडवा. साध्या पाण्यावर पिसू तरंगते, साबणाच्या पाण्यात बुडून मरते.

२. पिसू, गोचीड आणि ऊ यांत फरक काय? उपाय एकच ना?

पिसू दोन-तीन मिलिमीटरची, तपकिरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते. केसांतून सुळकन पळते आणि उडी मारते. गोचिडीला आठ पाय असतात, ती एका जागी तोंड रुतवून बसते आणि रक्त पिऊन फुगते. ऊ मंद असते आणि तिच्या लिखा केसांना घट्ट चिकटलेल्या असतात. पिसवांची अंडी केसाला चिकटतच नाहीत. त्यामुळे केसांवर पांढरे ठिपके पक्के बसलेले दिसले, तर त्या पिसवा नव्हेत.

काही औषधं तिन्हींवर चालतात, काही चालत नाहीत. शिवाय घर साफ करण्याचा जो व्याप पिसवांसाठी करावा लागतो, तो उवांसाठी लागत नाही. म्हणून आधी ओळख पटवा.

३. दोन-चारच पिसवा दिसल्या. एवढ्यासाठी अख्खं घर उपसायचं?

हो. कारण दिसतात त्या पिसवा म्हणजे सगळ्या पिसवा नव्हेत. साधारण हिशोब असा मांडला जातो: घरात जेवढ्या पिसवा असतील त्यातल्या शंभरातल्या पाचच कुत्र्याच्या अंगावर असतात. उरलेल्या ९५ अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात जमिनीवर, गालिच्यात, गादीच्या शिवणीत आणि सोफ्याच्या खाचांत.

मादी रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांतच अंडी घालायला लागते आणि ऐन भरात दिवसाला ४०-५० अंडी घालते. ती गुळगुळीत असल्याने काही तासांत अंगावरून गळून पडतात. म्हणजे कुत्रा जिथे जास्त वेळ लोळतो, तिथे अंडी जास्त. छोटा कुत्रा मांडीवर, सोफ्यावर, तुमच्या पांघरुणात असतो, तेव्हा अंडीही तिथेच.

अंड्यांतून दोन दिवस ते दोन आठवड्यांत अळ्या निघतात. त्या रक्त पीत नाहीत. मोठ्या पिसवांची विष्ठा वरून गळते, ती खाऊन जगतात. उजेड त्यांना सोसत नाही, म्हणून गालिच्याच्या बुडाशी आणि फटींत शिरतात. मग चिकट रेशमी कोष विणतात. त्याला धूळ आणि तंतू चिकटले की तो दिसेनासा होतो. आत तयार झालेली पिसू लगेच बाहेर येईलच असं नाही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागली की ती बाहेर पडते. नाहीतर कोषात पाच-पाच महिनेही थांबू शकते. सगळी लढाई या कोषाशी आहे. त्यावर ना फवारा चालत, ना पावडर.

उबदार, दमट हवेत हे चक्र तीन-चार आठवड्यांत पूर्ण होतं. हवा कोरडी असेल तर अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात.

४. आमचा कुत्रा बाहेर फारसा जातच नाही. मग पिसवा आल्या कुठून?

कुणीतरी आणल्या. पाहुण्यांचा कुत्रा, गॅलरीत येऊन बसणारं मांजर, उंदीर-घुशी, किंवा जिन्यात वा बागेत कोषातून नुकतीच निघालेली पिसू तुमच्या पायजम्याला चिकटून आत आली. पूर्वीच्या बिऱ्हाडकरूंच्या मांजराचे कोष घरात राहिलेले असू शकतात. कुत्र्यांवर बहुतेक वेळा सापडते ती खरं तर मांजराची पिसू, शास्त्रीय नाव टेनोसेफॅलायडिस फेलिस. तेव्हा "आमच्याकडे दुसरा कुत्रा येतच नाही" हा युक्तिवाद तिला लागू नाही.

स्वच्छतेचा इथे फारसा संबंध नाही. चकचकीत घरांतही पिसवा होतात. लाजून उपाय लांबवणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

५. पहिल्या दिवशी नेमकं काय करू?

तीन गोष्टी एकाच दिवशी व्हायला हव्यात, निदान लागोपाठच्या दोन दिवसांत. घरातल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला त्याच्या-त्याच्या वजनाचं आणि जातीचं औषध (प्रश्न ७, ८ आणि १४). कुत्रा झोपतो ती सगळी अंथरुणं गरम पाण्यात धुणं. आणि घरभर व्हॅक्यूम किंवा कसून झाडलोट (प्रश्न ९). नुसत्या कुत्र्यावर औषध घातलं तर घरातून नव्या पिसवा येत राहतात, नुसतं घर धुतलं तर कुत्रा रोज नवी अंडी सांडत राहतो.

अंघोळ ऐच्छिक आहे. औषध मात्र ऐच्छिक नाही.

६. अंघोळ घातली की पिसवा जातील ना? कोणता शाम्पू वापरू?

अंगावर आहेत त्यातल्या बऱ्याचशा जातील, आणि कुत्र्याला त्या रात्री नीट झोप लागेल. पण शाम्पूचा असर अंग धुतलं की संपतो. दुसऱ्या दिवशी गालिच्यातून नव्या चढतात.

घालायचीच असेल तर अशी घाला. कोमट पाणी घ्या आणि सगळ्यात आधी मानेभोवती फेसाचं जाड कडं करा. पाणी लागताच पिसवा डोक्याकडे धाव घेतात, कान आणि डोळ्यांभोवती जाऊन बसतात आणि तिथे शाम्पू नेता येत नाही. कडं असलं की त्या तिथेच अडकतात. मग पाठ, पोट, काखा, शेपटी असं करत जा आणि फेस पाच-दहा मिनिटं अंगावर राहू द्या. तोवर चेहऱ्यावरच्या पिसवा फणीने काढा. कुत्र्यांसाठीचा कुठलाही सौम्य शाम्पू चालतो. माणसांच्या उवांचा शाम्पू कुत्र्याला लावू नका.

छोटा कुत्रा ओला झाला की पटकन गारठतो. लगेच टॉवेलने कोरडा करा, पिल्लू असेल तर विशेष. आणि मानेवर टाकायचं औषध वापरणार असाल तर त्याच्या आधी-नंतर साधारण ४८ तास अंघोळ नको. फिप्रोनिलसारखं औषध त्वचेच्या तेलातून अंगभर पसरतं आणि शाम्पू नेमकं तेच तेल धुऊन टाकतो. "औषध लागू पडलं नाही" अशा तक्रारींत हे कारण वारंवार निघतं.

७. मानेवर टाकायचं औषध, गोळी की पट्टा? काय चांगलं?

मानेवर टाकायच्या औषधांत (लोक त्याला स्पॉट-ऑन म्हणतात) फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन हे घटक असतात. साधारण महिनाभर चालतं. केस दुभंगून थेट कातडीवर, दोन खांद्यांच्या मधोमध टाकायचं, म्हणजे जीभ पोचत नाही. केसांवर ओघळलं तर वाया गेलं समजा.

गोळ्यांत आयसॉक्साझोलिन गटातली औषधं आहेत: ॲफॉक्सोलानर, सॅरोलानर, लोटिलानर महिन्याला एकदा, फ्लुरालानर सुमारे १२ आठवडे. अंघोळीने काही बिघडत नाही, घरातल्या लहान मुलांच्या हाताला औषध लागत नाही. सारखी अंघोळ लागणाऱ्या लाडोबांसाठी माझं मत गोळीकडे झुकतं. पिसवेला मरण्यासाठी चावावं लागतं हे खरं, पण ती अंडी घालायच्या आधी मरते. फिट येणाऱ्या कुत्र्यांचं वेगळं आहे, प्रश्न १८ पाहा.

नायटेनपायरमची गोळी अर्ध्या तासात पिसवा मारू लागते, पण तिचा असर दिवसभरात ओसरतो. अंगावर पिसवांचा नुसता सुळसुळाट असेल तेव्हा सुरुवातीला उपयोगी. पुढे नियमित औषध लागतंच.

पट्ट्यांत इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनचा पट्टा सात-आठ महिने चालतो. नुसता वास येणारे स्वस्त पट्टे फक्त मानेला शोभा आणतात. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा, उरलेलं टोक कापून टाका. छोटा कुत्रा ते चघळत बसतो.

८. आमचा कुत्रा जेमतेम तीन किलोचा आहे. मोठ्या कुत्र्याचं औषध थोडं थोडं करून दिलं तर?

देऊ नका. पिपेटमधलं (मानेवर टाकायच्या औषधाच्या छोट्या नळीतलं) अर्धं थेंबांच्या अंदाजाने मोजता येत नाही, आणि गोळीत औषध सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही. मोठ्या कुत्र्यात खपून जाणारी चूक तीन किलोच्या जिवाला भारी पडते.

वजन मात्र नीट करा. कुत्र्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं, ही पद्धत मोठ्या कुत्र्याला ठीक. तो काटा अर्धा किलो इकडेतिकडे दाखवत असेल तर दोन-तीन किलोच्या कुत्र्याचा हिशोबच कोलमडतो. टोपलीत बसवून लहान काट्यावर तोला, नाहीतर दवाखान्यात वजन करून आणा. बऱ्याच औषधांना किमान वजनाची अट असते, अनेकदा दोन किलोच्या आसपास. त्याखालच्या कुत्र्याला काय द्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

९. घर कसं साफ करायचं? फक्त फरशी पुसली तर चालेल?

नुसती फरशी पुसून भागत नाही. सुरुवात कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेपासून करा. त्याची गादी, तुमच्या चादरी, सोफ्याची कव्हरं, तो बसतो ते पायपुसणं, सगळं ६० अंश पाण्यात धुवा किंवा कापडाला सोसेल तितक्या गरम पाण्यात. धुवायला नेताना झटकू नका, अंडी खोलीभर उडतात. गुंडाळून थेट मशीनमध्ये.

मग व्हॅक्यूम. गालिचा दोन्ही दिशांनी, सोफ्याच्या उशा काढून खालच्या खाचा, पलंगाखालचा कोपरा, फरशीच्या कडेची पट्टी, गाडीची सीट. यात अंडी आणि बऱ्याच अळ्या निघतात, आणि हादऱ्यामुळे कोषातल्या पिसवा बाहेर पडतात, ते तर हवंच आहे. बाहेर पडलेली पिसू मारता येते. पहिले दोन आठवडे रोज, मग एक दिवसाआड. पिशवी किंवा डबा दर वेळी बंद प्लास्टिकच्या पिशवीत रिकामा करून घराबाहेर टाका.

व्हॅक्यूम नसेल तर केरसुणीने फटी आणि कोपरे खरवडून झाडा, केर लगेच बाहेर टाका आणि नंतर ओल्या फडक्याने पुसा. गालिचा आठ-दहा आठवडे गुंडाळून ठेवता आला तर काम निम्म्यावर येतं. मात्र गुंडाळण्याआधी तो साफ झालेला हवा.

१०. औषध देऊन तीन आठवडे झाले, पिसवा अजून दिसतात. औषध बोगस आहे का?

बहुधा नाही. तुम्हाला दिसताहेत त्या औषध देण्याआधीच कोषात बसलेल्या, आता बाहेर येणाऱ्या पिसवा. औषध असलेल्या कुत्र्यावर त्या चढतात, मरतात. मध्ये काही तास दिसतात. साठा संपायला दोन-तीन महिने लागतात. मध्येच कधीतरी आकडा वाढल्यासारखा वाटतो आणि नेमकं तेव्हाच लोक औषध बदलतात किंवा सोडून देतात.

आकडा खरंच कमी होतोय का ते मोजा. रात्री जमिनीवर ताटलीत साबणाचं पाणी ठेवून वर छोटा दिवा लावा. पिसवा उजेडाकडे आणि उबेकडे उडी घेतात आणि पाण्यात पडतात. याने घर साफ होत नाही, पण आठवड्याला एकदा मोजलं की कल कळतो. किंवा पांढरे पायमोजे घालून खोलीत दहा मिनिटं फिरा.

महिना-दीड महिना उलटून आकडा जागचा हलला नाही, तर चूक यांपैकी एखादी असते: घरातल्या एका प्राण्याला औषध द्यायचं राहिलं, वजन चुकलं, अंघोळ लवकर झाली, पुढचा डोस लांबला, किंवा एखादी जागा सुटली. ती जागा बहुतेक वेळा पलंगाखालीच निघते.

११. व्हिनेगर, लसूण, कडुलिंबाचं तेल, मीठ, टी ट्री तेल… घरगुती काहीच नाही का?

फणी आणि गरम पाणी हे घरगुतीच आहेत. व्हिनेगरने पिसवा मरत नाहीत. कडुलिंबाच्या तेलाने थोडा दुरावा राहील, घरातली पैदास थांबणार नाही. मीठ गालिच्यावर टाकून काय होतं? गालिचा खराब होतो.

लसूण कुत्र्याला खायला घालू नका, त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि छोट्या कुत्र्यात मात्रा पटकन ओलांडते. टी ट्री तेल थोडंही विषारी ठरू शकतं: लडखडणं, थरथर, गळून जाणं. रॉकेल, फिनेल, डांबराच्या गोळ्या, झुरळांची पावडर हे अंगाला लावणं म्हणजे कुत्र्यालाच मारण्याची तयारी.

१२. घरात फवारणी करून घ्यावी का?

प्रश्न ९ मधलं सगळं महिनाभर मनापासून करूनही फरक नसेल तर, किंवा सुरुवातीलाच पायांवर डझनांनी पिसवा चढत असतील तर घ्यावी. फवाऱ्यात मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधासोबत मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन आहे का ते विचारा. हे घटक अंडी आणि अळ्यांची वाढ रोखतात. त्यांच्याशिवाय केलेली फवारणी अर्धवट. फवारणीआधी व्हॅक्यूम करा, माणसं आणि जनावरं सगळं वाळेपर्यंत बाहेर ठेवा, माशांची टाकी दुसरीकडे हलवा. फवाऱ्यांत बहुधा असणारी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना घातक असतात.

१३. पिल्लू महिन्याचं आहे. कुत्री गाभण आहे. काय देता येईल?

बऱ्याच औषधांना किमान वय आठ आठवडे असतं. त्याहून लहान पिल्लाला फणी, कोमट पाणी आणि आईचं औषध हाच आधार. आईला दिलेलं औषध गाभण आणि दूध पाजणाऱ्या कुत्रीला चालणारं हवं, आणि ते डॉक्टर सांगतील. नायटेनपायरम चार आठवड्यांपासून, किमान वजन भरत असेल तर देतात.

इथे थांबायला वेळ नसतो. पिसवांनी रक्त पिऊन छोट्या पिल्लाला पंडुरोग होतो. हिरड्या गुलाबीऐवजी पांढुरक्या दिसल्या, पिल्लू दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना.

१४. घरात मांजरही आहे. कुत्र्याचंच औषध त्यालाही लावू का?

कधीच नाही. कुत्र्यांच्या अनेक स्पॉट-ऑन औषधांत पर्मेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते पचवू शकत नाही. थरथर, झटके, मृत्यू. मांजराने औषध लावलेल्या कुत्र्याला चाटलं किंवा त्याला बिलगून झोपलं तरी धोका असतो. कुत्रा आणि मांजर एकमेकांशी लाडाने वागत असतील तर पर्मेथ्रिन घरात आणूच नका, दुसरे घटक आहेत. चुकून लागलंच तर भांड्यांच्या साबणाने धुवा आणि तसेच ओल्या मांजरासकट डॉक्टरकडे निघा. ससा असेल तर त्याला फिप्रोनिल चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

१५. अंगावर एकही पिसू नाही, तरी डॉक्टर म्हणतात पिसवांचीच ॲलर्जी. कसं शक्य आहे?

शक्य आहे. ॲलर्जी पिसवेच्या लाळेची असते. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला थोड्याशा चाव्यांनीही दिवसेंदिवस खाज सुटते, आणि तो एवढा चाटतो, कुरतडतो की पिसू गिळून टाकतो. पुरावा त्याच्याच पोटात! म्हणूनच दोन कुत्र्यांच्या घरात एकाचे कंबरेवरचे केस झडतात आणि दुसरा मजेत असतो, जरी पिसवा दोघांवर असल्या तरी. अशा कुत्र्याला औषध वर्षभर, खंड न पाडता.

१६. शीमध्ये तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी हलतंय. त्याचा पिसवांशी काय संबंध?

थेट. डायपिलिडियम या पट्टकृमीची अंडी पिसवेची अळी खाते. मोठी झालेली पिसू कुत्र्याने गिळली की कृमी आतड्यात वाढतो आणि त्याचे तुकडे बाहेर पडतात. वाळल्यावर ते शेपटीखाली चिकटलेले दिसतात. यावर प्राझिक्वांटेल लागतं, जंताचं प्रत्येक औषध चालत नाही. पिसवा राहिल्या तर कृमी परत येतो.

१७. पिसवा माणसाच्या अंगावर राहतात का?

राहत नाहीत, चावतात. घोट्यापाशी, गुडघ्याखाली, दोन-तीन लाल पुटकुळ्या जवळजवळ. घरातल्या एकालाच चावे दिसतात आणि बाकीच्यांना नाही, कारण प्रत्येकाच्या त्वचेची प्रतिक्रिया वेगळी. पिसवांमार्फत म्युराइन टायफससारखे काही आजार माणसाला होऊ शकतात. चाव्यांनंतर ताप, पुरळ, जोराची डोकेदुखी असेल तर डॉक्टरांना घरातल्या पिसवांबद्दल आवर्जून सांगा. लहान मुलाच्या तोंडात पिसू गेली तर प्रश्न १६ मधला कृमी क्वचित त्यालाही होतो.

१८. आमच्या कुत्र्याला फिट येतात. गोळी देऊ का?

डॉक्टरांना फिटचं सांगितल्याशिवाय नको. आयसॉक्साझोलिन गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांत थरथर आणि झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने (एफडीए) २०१८ मध्ये दिला. बहुतेक कुत्र्यांना ही औषधं सोसतात, पण ज्याला आधीच फिट येतात त्याच्यासाठी दुसरा घटक निवडलेला बरा.

१९. गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं होतं. पिसवाही जातील ना?

नाही. आयव्हरमेक्टिनचा पिसवांवर भरवशाचा उपयोग होत नाही. शिवाय कोली आणि त्यासारख्या काही जातींत जनुकीय दोषामुळे ते मेंदूपर्यंत पोचून जिवावर बेततं.

२०. घर दोन महिने बंद होतं. कुत्राही आमच्यासोबतच होता. आल्या आल्या पायांवर पिसवा चढल्या. रिकाम्या घरात त्या जगल्या कशा?

त्या कोषात थांबल्या होत्या (प्रश्न ३). तुमच्या पावलांचा हादरा आणि ऊब लागली आणि सगळ्या एकदम बाहेर पडल्या. एका अर्थाने हे सोयीचं आहे, कोषातला साठा एका झटक्यात मोकळा होतो. कुत्र्याला आत आणण्याआधी औषध चालू असलेलं हवं. मग पँट पायमोज्यांत खोचून स्वतःच घरभर चालत फिरा, मागोमाग व्हॅक्यूम करा आणि पुढचे काही दिवस हेच करा. दोन महिन्यांनी परत बाहेरगावी जायचं असेल, तर निघायच्या आदल्या दिवशीही एकदा व्हॅक्यूम आणि कुत्र्याची गादी धुणं, दोन्ही उरका.